शेवंताच्या भाराचा गूळ

भाकरीचा तुकडा कालवणात बुडाला, तोंडापर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला... शेवंतानं तो ताटाच्या कडेला ठेवला, तेव्हा समोर बसलेल्या तिच्या सासूचा, सोनूबाईचा, हात भाताच्या टोपावर तसाच थांबला.

चूल विझत आली होती. खाणावळीतले गिरणीकामगार जेवून, हात धुऊन पाळीवर गेले होते. लालबागच्या चाळीतल्या त्या एका खोलीत आता सासू आणि सून दोघीच उरल्या होत्या आणि दोघींच्या मधोमध सुक्या बांगड्याचं आंबट-तिखट कालवण. याच कालवणाचं भांडं चाटूनपुसून लख्ख करणारी ही पोर आज त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती!

“काय गो,” सोनूबाई हलकेच म्हणाली, “माझ्या हातची चव गेली, की तुझ्या मनातली माया?”

“पोट भरलं, आत्याबाई.”

“कशानं? वाऱ्यानं?”

शेवंतानं ताट पुढं सारलं. काय सांगणार होती ती? पोट भरलेलं नव्हतं. पोट जणू तिचं राहिलंच नव्हतं. त्याच्या दाराला बाहेरून कडी लागली होती, आत कुणी रडत असलं तरी ऐकू येत नव्हतं. आणि ती कडी तिनंच घातली होती, आपल्या हातानं, आपल्या जाणतेपणी... ज्या माउलीसाठी घातली, तीच समोर बसून तिला निर्मायी म्हणत होती.

तशी पाळी तिच्यावर का आली, ते मागपासून सांगायला हवं.

अठराशे सत्त्याण्णव सालच्या आरंभी गाठीच्या तापानं मुंबईचा गळा धरला, तेव्हा अर्धा गिरणगाव बोटीत बसून कोकणात पळाला. जे राहिले ते आपलं दुखणं दडवू लागले. घरात कुणाला ताप भरला तर त्याला माळ्यावर लपवायचं, अडगळीत लपवायचं; कारण इस्पितळाच्या गाडीत जो चढला तो परत उतरायचा नाही, अशी साऱ्या शहराची समजूत. शेवंताच्या काखेत गाठ उठली तेव्हा तिचा नवरा आनंदा दाराला आडवा झाला. पण सोनूबाईनं लेकाला बाजूला सारलं, सरकारी तपासणीवाल्यांना स्वतः हाक मारली आणि सुनेला दोन्ही हातांवर उचलून गाडीत निजवलं. चाळ तिच्या तोंडावर थुंकायची तेवढी बाकी राहिली. सासूनंच सुनेला मसणाची वाट दाखवली, असं बायका नळावर मोठ्यानं बोलत. शेवंताला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं: गाडीच्या फळ्यांच्या फटीतून मागं मागं जाणारा रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी असलेली सोनूबाई.

गाडी नाहीशी झाली तशी ती तडक अनवाणी माहीमला गेली. शितळादेवीच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून तिनं नवस बोलला, की माझी सून पुरी-पुरी परत दे, मी तिच्या भाराइतका गूळ तुझ्या पायाशी ठेवीन.

आणि शेवंता परत आली! हाडांची मोळी होऊन आली, पण आली. मग सोनूबाईनं तिला पाखराच्या पिलासारखं भरवलं. नाचणीची पेज, तिसऱ्यांचं कालवण, अंड्याचा बलक... दिवाळीपर्यंत मोळीची भरली परात झाली. संक्रांतीच्या सुमारास दोघी लाकडं आणायला वखारीत गेल्या तेव्हा वखारवाला लहू म्हणाला, वहिनी, बसा बघू काट्यावर, इस्पितळानं किती नेलं आणि सासूनं किती भरलं ते कळू दे. शेवंता लाजत लाजत पारड्यात बसली. लहूनं आकडा सांगितला तशी सोनूबाई पोटभर हसली होती, आणि तो आकडा तिनं मनाच्या गाठीला बांधून ठेवला होता, हे शेवंताला कुठं ठाऊक?

शेजारच्या जाईबाईच्या जिभेला हाड नव्हतं. ती सेठांच्या घरी बायकांचं अंग रगडायला जायची आणि घराघरातल्या गोष्टी पदरात बांधून आणायची. एकदा शेवंताला दुसरी भाकरी वाढताना बघून ती दारातूनच म्हणाली, “सोनूबाय, सून पोसतेस का गुळाची वखार भरतेस? तिचा एकेक घास देवीच्या पारड्यात पडणार, ध्यानात ठेव हो.”

सगळ्या हसल्या. शेवंताही हसली. पण त्यानंतर माघात एक दिवस भाकरी थापताना सोनूबाईचा डावा हात तिला मोकळा दिसला. चांदीचे दोन गोट, शेवंताचा सासरा विठोबा गिरणीत पट्ट्यात सापडून गेला त्याच्या आधी त्यानं हौसेनं घडवलेले... नवऱ्यामागं कुंकू गेलं, काकणं गेली, तेवढे दोन गोट सोनूबाईनं उतरवले नव्हते. त्यातला एक गेला होता. शेवंतानं विचारलं तर सोनूबाई म्हणाली, हात हलका झाला, भाकरी थापायला बरं पडतं. खाणावळीत अर्धी ताटं रिकामी, गिरण्या अर्ध्याच चालू. गूळ कशातून येतोय हे न कळायला शेवंता कुक्कुलं बाळ नव्हती. तेव्हापासून ताटावर बसली की तिला भाकरी दिसेना, सासूच्या उजव्या हातातला उरलेला गोट दिसू लागला. आपण खाल्लेला प्रत्येक घास त्या गोटाला खाली ओढतो आहे, असं तिच्या भाबड्या जिवानं घेतलं. चैत्री पुनवेला गूळतुला व्हायची होती. तोवर अंग हलकं झालं, तर तेवढा एक गोट तरी आत्याबाईंच्या हातात राहील...

तिनं उपास धरून पाहिले. पण मरणाच्या दारातून परतलेल्या देहाची भूक ती! दाव्याला बांधलेल्या वासरासारखी हंबरायची. दिवसभर वीस माणसांचं रांधायचं, मसाल्याच्या वासात उभं राहायचं आणि आपण पाणी पिऊन बसायचं. संध्याकाळी नको नको म्हणताना हात आपोआप टोपात जाई. तेव्हा तिला जाईबाईनं सांगितलेली सेठाणी आठवली. लेकाच्या लग्नात शालू नीट बसावा म्हणून त्या सेठाणीनं डॉक्टरकडून कसलेसे थेंब आणवले होते. थेंब घेतले की ताटाकडे बघवत नसे.

परळच्या नाक्यावर हेरंब डॉक्टरांचा दवाखाना होता. गिरगावातून यायचे, गरिबांना तोडून बोलायचे नाहीत. शेवंतानं त्यांना खोटंच सांगितलं की अंगाच्या भारानं गुडघे धरतात. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही ठणठणीत आहात, जेवा आणि सुखी राहा. तिनं पदर डोळ्यांना लावला. बाईमाणूस समोर रडू लागलं की त्या सज्जनाचा धीर सुटायचा. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहून एक लहान बाटली भरवून दिली. दूरदेशीच्या कुठल्याशा पाल्याचा अर्क होता तो. तिकडचे खाणीतले मजूर म्हणे तोच पाला गालात धरून अन्नावाचून राबतात. थोडेच दिवस घ्यायचा, भूक नसली तरी दोन्ही वेळा जेवायचं, छातीत धडधडलं तर त्याच क्षणी बंद करायचा, असं त्यांनी बजावून सांगितलं. शेवंता प्रत्येक गोष्टीला हो म्हणाली आणि त्यांतली एकही तिनं पाळली नाही. औषधाची किंमत तिनं डॉक्टरीणबाईंचे पापड लाटून चुकती केली.

भूक गेली... पण ती जाताना आणखी काय काय घेऊन गेली! झोप गेली. जीभ लाकडासारखी झाली. छातीत चिमणी कोंडल्यासारखी फडफड सुरू झाली. जात्याचा खुंटा धरला की भिंती सरकत. आनंदा बिचारा अबोल माणूस, गिरणीतल्या साच्यावर बारा तास उभा राहून यायचा. तरी त्याच्या लक्षात आलं. कधी गरम चणे, कधी खाजा पुडीत बांधून आणायचा आणि काही न बोलता तिच्यापुढं ठेवायचा. ती पुडी शेवंता शेजारच्या पोरांना वाटून टाकी.

आणि सोनूबाई? तिच्या मनात एकच काटा रुतून बसला होता, तो आता सलू लागला. ही जेवत नाही, कारण मी हिला त्या गाडीत घातलं. वर्षभर मन मारून माझ्या हातचं खाल्लं, आता तेही गिळवेना. ती बोलली नाही. पण कोकणच्या बाईचं दुःख जात्यावर लपत नाही. पहाटे दळताना तिनं एकदा जुनी चाल धरली आणि शब्द मात्र आतून आले:

जात्याच्या दगडाला, चाले माझ्या हातचा घास
काळजाच्या माणसाला, कुणी सांगितला उपवास...

समोर बसून खुंटा ओढणाऱ्या शेवंताचे डोळे झरू लागले. थेंब पिठात पडले, पिठाचे मणी झाले. सांगून टाकावं, पायावर डोकं ठेवून सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण सांगितलं तर आत्याबाई बाटली मोरीत ओततील आणि दुसरा गोटही काढून ठेवतील. थोडंच राहिलं होतं. पुनव होऊ दे, मग समोर बसून पोटभर जेवीन, बोटं चाटून जेवीन, त्यांचा सारा सल धुऊन निघेल... असं मनाशी म्हणत ती हुंदका गिळत राहिली. गिळायला तेवढंच उरलं होतं.

चैत्री पुनवेच्या सकाळी चाळीच्या दारात बैलांचा खटारा उभा राहिला. शेवंता नवं लुगडं नेसून खाली आली. लुगड्याच्या घोळात तिचं अंग झाकलं गेलं होतं. खटाऱ्यात गुळाच्या ढेपा आधीच रचलेल्या होत्या, गोणपाटावर गोणपाट पांघरून. त्या किती आहेत ते ती नजरेनं मोजू लागली. सोनूबाईनं तिला वर चढायला हात दिला.

तो हात उजवा होता. मोकळा होता.

मनगटावर गोटाच्या जागी फिकट वळं उरलं होतं, चंद्राला पडतं तसं. शेवंता त्या वळ्याकडे बघत राहिली. सगळी भूक, सगळी तगमग, खोटं बोलणं, सासूच्या डोळ्यांतली व्यथा पाहूनही गप्प राहणं... सगळं ज्याच्यासाठी, ते केव्हाच गेलं होतं. माहीमच्या वाटेवर झावळ्यांची सावली अंगावरून सरकत होती, खाडीचा खारा वारा येत होता, बायका देवीची गाणी म्हणत होत्या. शेवंताला काही ऐकू आलं नाही.

देवळाच्या अंगणात पिंपळाच्या फांदीला लहूनं आपल्या वखारीचा काटा बांधला होता. तुलेची रीत अशी की माणूस एका पारड्यात बसतं आणि दुसऱ्यात ढेप-ढेप चढवत नेतात. पण सोनूबाईच्या मनात किंतू नव्हता. तिनं सगळा गूळ एकदमच चढवायला लावला. शेवंताची ओटी भरली, तिला पारड्यात बसवलं, आणि लहूनं खालचा आधार काढला.

गुळाचं पारडं धपकन जमिनीवर बसलं. शेवंताचं पारडं वर गेलं आणि वाऱ्यावर झुलत राहिलं.

आधी सगळे हसले. मग हसू ओसरलं. देवीनं नवस झिडकारला, असं कुणीतरी पुटपुटलं. लहू चक्रावून म्हणाला, मी माझ्या हातानं तोललं होतं, माझा काटा खोटं बोलत नाही. पुजारी तात्या पुढं आले, साखळ्या बघितल्या, काही चुकलं नव्हतं. सोनूबाई मात्र वर बघत होती. शेवंतानं पडू नये म्हणून दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरल्या होत्या, आणि तिच्या काचेच्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत खाली गेल्या होत्या. काटक्यांसारखे ते हात! इस्पितळातून परत आली होती, तेव्हा असेच होते.

“एवढा राग गो?” सोनूबाई म्हणाली. “त्या गाडीत घातलं म्हणून? माझ्या हातचं अन्न तुला विखासारखं झालं, तर तोंडानं सांगायचंस. देवीपुढं आणून सांगितलंस...”

“राग?” शेवंता वरूनच म्हणाली. “आत्याबाई, त्या गाडीत घातलंत म्हणून मी आज या पारड्यात आहे. चाळीत लपवलेल्यांतलं कोण राहिलं?” तिनं सासूच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. “तुमचा एक गोट तरी हातात राहावा म्हणून... भूक मारायचं औषध घेतलं मी. डॉक्टरला खोटं सांगून घेतलं.”

सोनूबाईनं आपले दोन्ही मोकळे हात पुढं धरले, जणू पहिल्यांदाच बघते आहे.

“अगो वेडे,” ती म्हणाली, “गूळ तर माघातच ठरला होता. वखारीत तुला तोललं, त्याच आकड्याचा. एक गोट तेव्हा दिला, दुसरा माल घेताना.”

शेवंताला हसावं की रडावं कळेना. पिंपळाची पानं गरगर फिरू लागली, साखळी हातातून सुटली. आनंदा धावला म्हणून बरं. त्यानं तिला वरच्या वर झेललं आणि त्या अबोल माणसाच्या तोंडून एवढंच निघालं, की अगं, हिला काही वजनच नाही.

तात्यांनी पाणी आणलं. शेवंतानं डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं सोनूबाईच्या मांडीवर होतं. तात्या चांगल्या मनानं सांगत होते की ढेपा थोड्या उतरवू, काटा समतोल करू, नवस फिटेल आणि राहिलेला गूळ घरी न्या. शास्त्राला ते चालतं.

“शास्त्राला चालेल, मला नाही चालायचं,” सोनूबाई म्हणाली. “मी पुरी सून मागितली होती, देवीनं पुरी दिली. कमी भरली ती माझ्या घरात. गूळ इथंच राहू दे. हिचं पारडं खाली येईल त्या दिवशी आम्ही परत येऊ.”

“बाई, मुंग्या तोवर थांबायच्या नाहीत.”

“मुंग्याही देवीच्याच की, तात्या.”

तात्या हसले. देवळापुढं आलेलं ते देवीचंच झालं, तेव्हा प्रसाद द्यायला हरकत काय, म्हणून त्यांनी एका ढेपेचा कोपरा फोडला. सोनूबाईनं तो खडा सुनेच्या ओठांना लावला. शेवंताच्या लाकूड झालेल्या जिभेला आधी काहीच कळलं नाही... मग कुठूनतरी खोलवरून, उन्हात उसाचा रस उकळतो तसा गोडवा वर आला आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. सोनूबाईनं त्या पुसल्या नाहीत; तिच्या स्वतःच्याच थांबत नव्हत्या.

“माझा हात मोकळा झाला त्याची खंत केलीस,” ती पुटपुटली, “आणि माझं घर मोकळं झालं असतं, त्याची? चांदी काय, पुन्हा घडेल गो. तुला कुठं घडवून आणणार होते मी?”

परतताना शेवंतानं कमरेची बाटली काढून आनंदाच्या हाती दिली. त्यानं ती खाडीच्या चिखलात इतक्या जोरानं भिरकावली, की बगळे उडाले.

हेरंब डॉक्टरांकडे सोनूबाई स्वतः सुनेला घेऊन गेली. भांडायला म्हणून गेली होती. पण सगळं ऐकल्यावर डॉक्टरच मान खाली घालून बसले. मी गुडघे पाहिले, पण ‘का’ म्हणून विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, असं ते म्हणाले. थोडं थोडं, पण वारंवार खायला घाला, झोप आपोआप येईल. आणि खरंच, आधी झोप आली, मग जिभेला चव, मग छातीतली चिमणी उडून गेली. सगळ्यांत शेवटी भूक आली. एका दुपारी गिरणीकामगारांना वाढताना शेवंता परातीपाशी थबकली आणि सगळ्यांदेखत तिनं गरम भाकरीचा कोपरा मोडून तोंडात टाकला. सोनूबाईनं पाहिलं, आणि पाहिलं नाहीसं करून ती चुलीतली लाकडं सारू लागली. धूर नव्हता, तरी तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या पहाटे जात्यावर नवी ओवी आली:

एका पारड्यात गूळ, एका पारड्यात माझी लेक
देवीला विचारीते, दोघांचा गोडवा एक...

जाईबाई भिंतीपलीकडून ओरडली की सोनूबाय, लेक कधी झाली तुला? आणि सोनूबाईनं जात्याची घरघर न थांबवता उत्तर दिलं, “झाली गो, आत्ताच. पेढे मागू नकोस, गूळ खा.”

आंब्याच्या दिवसांत खटारा पुन्हा माहीमला गेला. बरोबर घरचीच माणसं होती आणि लहू. पिंपळाच्या फांदीला काटा लागला, शेवंता पारड्यात बसली, लहूनं आधार काढला. आणि या वेळी तिचंच पारडं धपकन जमिनीला टेकलं! गूळ वर लटकला. लहू खो खो हसत सुटला. मुंग्यांनी आपला वाटा घेतला होता, प्रसाद वाटला गेला होता, आणि सून तर वखारीतल्या आकड्याच्याही पुढं गेली होती. शेवंता ओशाळली, आता उरलं तेवढं कुठून आणायचं, या काळजीनं तिनं सासूकडे पाहिलं.

सोनूबाई गुळाच्या पारड्यापाशी गेली. तिनं आपला मोकळा उजवा हात ढेपांवर ठेवला आणि हळूहळू त्यावर भार दिला. गूळ खाली येऊ लागला, शेवंता वर येऊ लागली, आणि काटा मधोमध येऊन उभा राहिला. मनगटावरचं फिकट वळं उन्हात आता जवळजवळ दिसेनासं झालं होतं.

तात्यांनी तो हात पाहिला. मग ते पाठ फिरवून घंटा वाजवायला गेले.

दोघींचे चेहरे समोरासमोर आले होते, एका उंचीवर.

“सकाळी जेवून निघालीस ना गो?” सोनूबाईनं विचारलं.

“दोनदा,” शेवंता म्हणाली.